पीसीपी एअर रायफलचं ट्यूनिंग: रेग्युलेटरचा दाब आणि हॅमरचा मार कसा जुळवायचा

पीसीपी रायफल (सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) आणि क्रोनोग्राफ (छर्र्याचा वेग मोजणारं यंत्र) एकत्र हाती आले की बहुतेकांचा हात आधी हॅमर स्प्रिंगच्या स्क्रूकडे जातो. स्क्रू आवळला, आकडा वाढला, बरं वाटलं. पण तेवढ्याने टार्गेटवरचा ग्रुप, म्हणजे लागोपाठच्या छर्र्यांच्या भोकांचा पुंजका, लहान होत नाही, सिलिंडर मात्र लवकर उतरतो. ट्यूनिंगचा खरा हेतू वेगळा आहे. रेग्युलेटर (सिलिंडरचा दाब उतरवून एका आकड्यावर ठेवणारा भाग) जो दाब देतो आणि हॅमर व्हॉल्व्हवर जो मार देतो, त्या दोघांचा मेळ बसला पाहिजे. तो बसला की सिलिंडरमध्ये २०० बार असोत वा ११०, छर्रा त्याच वेगाने बाहेर पडतो.

याने काय फरक पडतो ते आकड्यांत पाहू. १७० मीटर प्रति सेकंद वेगाने निघालेला छर्रा १० मीटरवरच्या टार्गेटपर्यंत पोचेतो साधारण १८ मिमी खाली येतो. वेग १७५ असेल तर १७ मिमी. म्हणजे ५ मी/से चा फरक १ मिमीचा झाला. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर एका वर्तुळापासून पुढच्या वर्तुळापर्यंत २.५ मिमी असतात. दशांशांत गुण मोजले तर ०.२५ मिमीला ०.१ गुण जातो, म्हणून तो १ मिमी ०.४ गुणांना पडतो. ५० मीटरवर, २४० मी/से च्या आसपास निघणाऱ्या छर्र्याला तोच ५ मी/से चा फरक सुमारे १० मिमी वर किंवा खाली नेतो. कितीही स्थिर हात असला तरी हा फरक हाताने भरून काढता येत नाही.

आत नेमकं काय घडतं

ट्रिगर दाबला की सिअर, म्हणजे हॅमरला अडकवून ठेवणारा खटका, हॅमरला सोडतं. स्प्रिंगने ढकललेला हॅमर व्हॉल्व्हच्या दांडीवर आपटतो आणि व्हॉल्व्ह क्षणभर आपल्या सीटवरून उठतो. रेग्युलेटर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये एक छोटी पोकळी असते, तिला प्लीनम म्हणतात. तिथे साठलेली हवा ट्रान्स्फर पोर्टमधून, म्हणजे बॅरलकडे नेणाऱ्या भोकातून, छर्र्यामागे धावते. व्हॉल्व्हला परत बंद करणारे दोघे असतात: त्याची स्वतःची स्प्रिंग, आणि तिच्यापेक्षा कितीतरी जोरकस असा प्लीनममधला दाब. व्हॉल्व्ह बसला की रेग्युलेटर सिलिंडरमधून हवा घेऊन प्लीनम पुन्हा ठरलेल्या दाबापर्यंत भरतो.

सगळं ट्यूनिंग यातल्या एका गोष्टीवर उभं आहे. प्लीनममधला दाब वाढला तर छर्र्याला मिळणारा धक्का वाढतो, पण त्याच वेळी व्हॉल्व्ह उघडायला जड होतो आणि लवकर बंद होतो. दोन परिणाम एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. हॅमरचा मार असा ठेवता येतो की हे दोन्ही जवळपास सारखे पडतात. तिथे दाब एक-दोन बारांनी इकडेतिकडे झाला तरी वेग फारसा हलत नाही. तो बिंदू शोधायचा आहे. रेग्युलेटर कितीही चांगला असला तरी थोडाफार हलतोच, आणि या बिंदूवर त्याचं हलणं टार्गेटपर्यंत पोचत नाही.

रेग्युलेटर नसलेल्या रायफलमध्येही हाच नियम उघड दिसतो. पूर्ण भरल्यावर व्हॉल्व्ह जड, म्हणून वेग कमी. मग दाब उतरत जातो तसा वेग वाढतो, माथ्यावर पोचतो आणि पुढे घसरतो. आलेख घंटेसारखा दिसतो. अशा रायफलमध्ये माथ्याच्या दोन्ही बाजूंचा सपाट पट्टा शोधायचा आणि तेवढ्याच दाबाच्या मर्यादेत ती भरायची. २०० बारांपर्यंत भरता येते म्हणून भरायचीच असं नाही. पट्टा १७० ते ११० चा असेल तर १७० ला थांबायचं.

हात लावण्याआधी

२०० बार म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २०० पट. या दाबाने उडालेला प्लग गोळीसारखाच लागतो. दाबाखाली असलेला एकही जोड सैल करायचा नाही, आणि "जरासाच सैल करून हवा सोडू" हा विचार तर करायचाच नाही.

सिलिंडर काढला किंवा डिगॅसिंग (हवा सोडण्याच्या) स्क्रूने नळी रिकामी केली आणि गेज शून्यावर आलं, तरी रायफल रिकामी झालेली नसते. बहुतेक रचनांमध्ये गेज सिलिंडरचा दाब दाखवतं, प्लीनममध्ये अजून ७० ते १४० बार अडकलेले असू शकतात. म्हणून छर्रा न भरता, सुरक्षित दिशेला रोखून, हवेचा आवाज पूर्ण थांबेपर्यंत कोरडे शॉट घ्यायचे. आवाज थांबला की आपणही थांबायचं. समोर दाबच नसताना हॅमर आपटत राहिला तर व्हॉल्व्हच्या सीटला मार बसतो.

डिगॅसिंग सावकाश करायचं. सांध्यांतून हवा गळू न देणाऱ्या ओ-रिंगच्या रबरात दाबाखाली हवा मुरलेली असते. दाब एकदम गेला की ती आतून फुगते, रबराला फोड येतात, आणि कालपर्यंत ठणठणीत असलेली रिंग आज गळू लागते.

वंगणासाठी फक्त सिलिकॉन ग्रीस, तेही ओ-रिंगला नुसती चमक येईल इतकंच. खनिज तेल, शिवणयंत्राचं तेल, इंजिन ऑइल यांना उच्च दाबाच्या भागात जागा नाही. दाबली गेलेली हवा तापते आणि तेलाची वाफ पेट घेऊ शकते. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन भरणं तर प्राणघातक आहे. कोरडी, स्वच्छ हवा सोडून दुसरा वायू भरायचा नाही. सिलिंडरवरची तारीख वाचायची. मॅच रायफलच्या सिलिंडरची मुदत सहसा १० वर्षं असते, आणि सामन्यात तो मुदतीत असल्याची जबाबदारी खेळाडूवरच असते.

ऊर्जेची कायदेशीर मर्यादा देशागणिक बदलते. जर्मनीत परवान्याविना ७.५ जूल, ब्रिटनमध्ये रायफलसाठी १२ फूट-पाउंड, म्हणजे १६.२७ जूल. आपल्या ठिकाणची मर्यादा आधी माहीत करून घ्यायची आणि तिच्या खालीच थांबायचं. ऊर्जा काढायची रीत सोपी आहे: छर्र्याचं वजन किलोग्रॅममध्ये, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. पीसीपीमध्ये जड छर्रा साधारणपणे जास्त ऊर्जा घेऊन निघतो, स्प्रिंगवाल्या रायफलच्या उलट. त्यामुळे मर्यादेची तपासणी वापरातल्या सर्वांत जड छर्र्याने करायची.

साहित्य

क्रोनोग्राफ हवाच, त्याच्याशिवाय हे काम अंदाजाने होत नाही. सोबत ०.०१ ग्रॅमपर्यंत, जमल्यास त्याहून बारीक मोजणारा काटा, मापात नीट बसणाऱ्या ॲलन की, सिलिकॉन ग्रीस, रायफलच्या मॉडेलचा ओ-रिंग संच, बारीक मार्कर आणि वही. छर्रे एकाच डब्यातले, एकाच बॅचचे घ्यायचे आणि काम संपेपर्यंत बदलायचे नाहीत.

काटा कशाला, असं वाटेल. ०.५४७ ग्रॅमच्या छर्र्यात ०.०१ ग्रॅमचा फरक असला तर २३० मी/से ला वेगात साधारण २ मी/से चा फरक पडतो. चांगल्या ट्यूनिंगमध्ये सगळ्या शॉटचा पसारा मिळून ३ मी/से असतो. म्हणजे न वजन केलेल्या छर्र्यांनी आपण रायफल मोजतच नसतो, डबा मोजत असतो.

क्रोनोग्राफ बॅरलच्या तोंडापासून साधारण १ मीटरवर, दर वेळी त्याच अंतरावर ठेवायचा. फार जवळ ठेवला तर हवेच्या झोताने सेन्सर फसतो. प्रकाशावर चालणारा असेल तर लुकलुकणाऱ्या ट्यूबलाइटखाली किंवा स्वस्त एलईडीखाली चुकीचे आकडे येतात. छर्रा सेन्सरच्या रेषेला समांतर गेला पाहिजे, तिरका गेला की आकडा बिघडतो. आणि मागे छर्रा पकडणारी, उसळू न देणारी पेटी असावी.

आधी आहे तशी मोजा

काहीही फिरवण्याआधी रायफल आज काय करते ते वहीत उतरवायचं. ही पायरी सर्वांत कंटाळवाणी वाटते, पण पुढे काही बिघडलं तर परतीची वाट हीच. हॅमर स्प्रिंगच्या स्क्रूवर आणि त्याच्या शेजारच्या भागावर मार्करने एकच सरळ रेघ ओढून ठेवायची.

सिलिंडर उत्पादकाने सांगितलेल्या दाबापर्यंत सावकाश भरायचा आणि १५ मिनिटं थांबायचं. भरताना हवा तापते, थंड झाल्यावर गेज काही बार खाली येतं, ती गळती नसते. बॅरल नुकतं साफ केलेलं असेल तर आधी २०-३० शॉट असेच घ्यायचे. शिशाचा पातळ थर पुन्हा बसेपर्यंत वेग हलत राहतो.

मग मोजणी. प्रत्येक शॉटचा वेग लिहायचा, दर ५ शॉटनंतर गेजवरचा दाब. शॉटमधलं अंतर सारखं ठेवायचं, साधारण ३० सेकंद, म्हणजे रेग्युलेटरला प्लीनम भरायला दर वेळी तेवढाच वेळ मिळतो. वेग स्पष्ट कोसळायला लागेपर्यंत थांबायचं नाही. शेवटचा तो भागच सर्वांत जास्त सांगतो.

आलेख वाचायचा कसा

आडव्या रेषेवर शॉटचा क्रमांक, उभ्या रेषेवर वेग. रेग्युलेटरवाल्या रायफलचा आलेख बराच काळ सपाट चालतो आणि सिलिंडरचा दाब रेग्युलेटरच्या दाबाखाली उतरला की वळतो. त्या वळणाच्या वेळी गेजवर जो आकडा असतो, तोच साधारणपणे रेग्युलेटरचा दाब. लहान गेज ५-१० बार सहज चुकतं, पण आपण दर वेळी तेच गेज पाहतो, त्यामुळे तुलनेला ते पुरतं.

वळणाचा आकार पाहायचा. वेग आधी किंचित, २-३ मी/से वर जाऊन मग खाली आला, तर मेळ बसलेला आहे. दाब थोडा कमी झाल्यावर व्हॉल्व्ह हलका झाला आणि वेग जरा वाढला, म्हणजे आपण त्या बिंदूच्या अगदी शेजारी आहोत. वेग वर न जाता सरळ खाली घसरला, तर त्या दाबासाठी हॅमर जास्त जोरात मारतो आहे आणि दर शॉटला हवा फुकट जाते. वेग ८-१० मी/से किंवा त्याहून जास्त उसळला, तर उलट: दाबाच्या मानाने हॅमर अशक्त आहे, व्हॉल्व्ह अर्धवटच उघडतो.

सपाट भागच नसेल, पहिल्या शॉटपासून वेग सतत चढत किंवा उतरत असेल, तर ट्यूनिंगचा विचार सोडून रेग्युलेटर काम करतो का ते पाहायचं. आणि आलेख करवतीच्या दातांसारखा असेल तर दोष छर्रे, हॅमरचं घर्षण, ब्रीचची (छर्रा भरतो त्या बॅरलच्या मागच्या तोंडाची) ओ-रिंग किंवा क्रोनोग्राफ यांपैकी कशात तरी आहे. तो काढल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

रेग्युलेटर लावणं

रेग्युलेटरमध्ये एक पिस्टन असतो आणि त्याला मागे ढकलणारी बशीसारख्या चकत्यांची चळत. चकत्यांचा जोर आणि प्लीनमचा दाब समतोलात आले की पिस्टन सीटवर बसून हवा अडवतो. स्क्रू आवळला की चकत्यांवर जोर वाढतो आणि दाबही वाढतो. अगदी थोड्या फिरवण्याने कित्येक बार हलतात, म्हणून एका वेळी एक अष्टमांश फेरीपेक्षा जास्त नाही.

किती दाब ठेवायचा? उत्पादकाचा आकडा असेल तर तिथून सुरुवात. नसेल तर ७.५ जूलच्या मॅच रायफलला ६०-७५ बार आणि १५-१६ जूलच्या रायफलला ९०-११० बार ही सुरुवातीची जागा धरायला हरकत नाही. लांब बॅरल आणि मोठा प्लीनम असेल तर तीच ऊर्जा कमी दाबात मिळते.

बाहेरून फिरवता येणारा रेग्युलेटर असेल तर दाब वाढवताना फारशी अडचण नसते. कमी करताना मात्र प्लीनम आधी रिकामा करायचा. नाहीतर जुना जास्त दाब तिथेच अडकून राहतो आणि पुढचे काही शॉट खोटं चित्र दाखवतात. आतला रेग्युलेटर असेल तर पूर्ण डिगॅस करूनच उघडायचा. चकत्यांची मांडणी उघडण्याआधीच टिपून ठेवायची, फोटो काढला तर उत्तम. साधारणपणे एक पालथी, एक उताणी अशा त्या आळीपाळीने असतात. एक जरी उलटी बसली तरी दाब भलताच येतो. चकत्या पुसून ग्रीसचा पातळ हात द्यायचा. कोरड्या किंवा कचऱ्याने भरलेल्या चकत्या एकमेकींवर अडखळतात आणि प्लीनम दर वेळी वेगळ्या दाबावर थांबतो.

परत जोडताना ओ-रिंग नळीत सरकवण्याची जागा नीट पाहायची. ती ट्रान्स्फर पोर्टच्या किंवा एखाद्या स्क्रूच्या भोकावरून जाते तेव्हा दाबलेलं रबर भोकात फुगतं, आणि कड धारदार असेल तर तिथून नखाएवढी चकती तासून निघते. बाहेरून काहीच कळत नाही, रात्रभरात सिलिंडर रिकामा झाल्यावर कळतं. भोकाची आतली कड हाताला टोचत असेल तर बारीक पॉलिश पेपरने मोडायची, धूळ पूर्ण पुसायची, आणि रिंग भोकावरून जाताना बाहेरून बोथट प्लास्टिकच्या काडीने तिला आत दाबून धरायचं.

दाब बदलला की १०-१५ शॉट मोजणीशिवाय घ्यायचे. चकत्या नव्या असतील तर रात्रभर दाबाखाली ठेवून दुसऱ्या दिवशी मोजलेलं बरं, त्या पहिल्या काही तासांत किंचित बसतात.

हॅमरची चढण

हे या कामाचं हृदय आहे. रेग्युलेटर एका दाबावर स्थिर, सिलिंडर त्यापेक्षा निदान ४०-५० बारांनी जास्त भरलेला. हॅमर स्प्रिंग सैल करून खालपासून सुरुवात करायची आणि दर पाव फेरीला ५ शॉट घेऊन सरासरी लिहायची. समजा, ०.५४७ ग्रॅमच्या छर्र्याने १०० बारांवर अशी चढण मिळाली:

सुरुवात: २०५ मी/से
पाव फेरी: २१६
अर्धी: २२५
पाऊण: २३२
एक: २३६
सव्वा: २३८
दीड: २३८.५
पावणेदोन: २३८

आधी प्रत्येक पाव फेरीला ९-११ मी/से मिळत होते, मग ७, मग ४, मग २, आणि पुढे काहीच नाही. वरचं हे पठार म्हणजे १०० बारांची हवा या बॅरलमध्ये जास्तीत जास्त किती देऊ शकते त्याची मर्यादा. पठारावर स्क्रू आणखी आवळला तर छर्रा बॅरलबाहेर गेल्यावरही व्हॉल्व्ह उघडाच राहतो. आवाज मोठा होतो, रायफल जास्त हलते, सिलिंडर उतरतो, वेग तोच.

आपली जागा पठाराच्या ३ टक्के खाली. २३८.५ चे ९७ टक्के म्हणजे २३१ च्या थोडं वर, म्हणून इथे पाऊण फेरी. ऊर्जा १४.७ जूल येते. तिथे थांबून पूर्ण सिलिंडरची मोजणी पुन्हा करायची आणि शेवटच्या वळणावर ती २-३ मी/से ची उसळी दिसते का ते पाहायचं. सरळ घसरण दिसली तर अष्टमांश फेरी सैल, मोठी उसळी दिसली तर तेवढीच घट्ट.

मिळालेला वेग हवा तो नसेल तर? सर्वाधिक चुका इथे होतात. २३२ ऐवजी २२० हवे असतील तर स्क्रू सैल करून २२० वर आणता येतो, आकडाही बरोबर दिसतो. पण २२० चढणीच्या उभ्या भागात येतो. तिथे हॅमरचं थोडंसं घर्षण, थंडीने घट्ट झालेलं ग्रीस, रेग्युलेटरची एक बारची चूक, प्रत्येक गोष्ट वेगात उमटते. बरोबर मार्ग म्हणजे रेग्युलेटर ५-१० बार खाली आणायचा आणि चढण पुन्हा पहिल्यापासून काढायची. जास्त वेग हवा असेल, आणि कायद्याची व उत्पादकाची मर्यादा परवानगी देत असेल, तर दाब वाढवून तेच करायचं. कमाल कुठे असेल ते दाब ठरवतो, त्या कमालीच्या किती जवळ राहायचं ते हॅमर. या दोन कामांची अदलाबदल करू नये.

ट्रान्स्फर पोर्ट अरुंद करणारा स्क्रू असेल तर चढण काढताना तो पूर्ण उघडा ठेवायचा. नंतर थोडासा वेग कमी करायला त्याचा उपयोग होतो, पण तिसरी कळ सुरुवातीलाच फिरवली तर कशाने काय झालं ते उमगत नाही. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल वहीत.

आणखी एक मर्यादा: स्प्रिंग इतकी आवळू नये की कॉक करताना (हॅमर मागे ओढून अडकवताना) तिचे सगळे वेढे एकमेकांना टेकतील. बोल्ट शेवटी दगडासारखा अडला तर तेच होत आहे. जोर लावून पुढे ओढलं तर सिअर झिजतं.

हॅमरची दुसरी टकटक

हॅमर व्हॉल्व्हवर आपटून मागे उसळतो आणि स्प्रिंग त्याला पुन्हा पुढे ढकलते. दुसऱ्यांदा व्हॉल्व्ह उघडला तर छर्रा केव्हाच गेलेला असतो आणि हवा नुसती वाया जाते. शॉटच्या शेवटी लांबलेला "ब्रर्र" असा आवाज आणि अपेक्षेपेक्षा कमी शॉट ही त्याची खूण. स्प्रिंग बसलेल्या अवस्थेत बरीच दाबलेली असली की हा दोष वाढतो. उपाय म्हणजे थोडी जाड तारेची स्प्रिंग आणि कमी सुरुवातीचा ताण, म्हणजे विसावलेला हॅमर व्हॉल्व्हच्या दांडीवर रेटून बसत नाही. हॅमरच्या वाटेवर घर्षण कमी ठेवायला मॉलिब्डेनम डायसल्फाइडची कोरडी पूड कापडाने घासून लावायची. इथे ग्रीस नको, थंडीत ते हॅमरला धरून ठेवतं.

हवेचा हिशोब केला की हा दोष कानाला कळायच्या आधी कागदावर दिसतो. ०.२ लिटरचा सिलिंडर २०० वरून १०० बारवर आला म्हणजे २० लिटर हवा गेली. त्यात ७५ शॉट झाले तर दर शॉटला ०.२७ लिटर. त्याच वेगाला ५५ च शॉट मिळत असतील तर ०.३६ लिटर, आणि त्यातला जास्तीचा साधारण पाव भाग कुठे जातो ते शोधायला हवं.

पहिला शॉट वेगळा का येतो

रायफल तासभर ठेवली आणि पहिला शॉट इतरांपेक्षा वेगळा पडला, मग सगळं सुरळीत, तर रेग्युलेटर सरकतो आहे. सीट पूर्ण बंद होत नाही, हवा थेंबाथेंबाने प्लीनममध्ये झिरपत राहते आणि दाब ठरलेल्या आकड्याच्या वर चढतो. हॅमर अशक्त असेल तर पहिला शॉट मंद येतो, हॅमर जोरकस असेल तर वेगवान. तपासण्यासाठी १० शॉट घ्यायचे, ३० मिनिटं थांबायचं, ३ शॉट घ्यायचे. नंतर रात्रभर ठेवून पुन्हा ३. पहिल्या शॉटचा फरक ३ मी/से पेक्षा जास्त असेल तर रेग्युलेटर उघडायला कारण आहे. बहुतेकदा सीटवर एखादा कण किंवा ओरखडा सापडतो. सीट पुसून, गरज असेल तर बदलून, पिस्टनचं टोक भिंगातून पाहायचं. केसाएवढी रेघही पुरेशी असते. पंपाने भरणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो, कारण पंपातून आलेली ओल सिलिंडरमध्ये गंजाचे कण तयार करते. पंपाला आर्द्रता शोषणारा फिल्टर लावावा.

गळती

आधी ती खरोखर गळती आहे का ते ठरवायचं. ३० अंशांवर २०० बार भरलेला सिलिंडर २० अंशांवर १९३ च दाखवेल. दोन्ही नोंदी सारख्याच तापमानाला घ्यायच्या, मग बोलायचं.

खरी गळती असेल तर साबणाचं पाणी ब्रशने सांध्यांवर लावायचं आणि दोन मिनिटं पाहायचं. भरायच्या तोंडाशी बुडबुडे आले तर तिथला एकमार्गी व्हॉल्व्ह. रेग्युलेटरच्या बारीक श्वासछिद्रातून आले तर रेग्युलेटरची ओ-रिंग. ते छिद्र गळतं म्हणून बुजवण्याचा उद्योग कधीही करू नये. रेग्युलेटर त्या छिद्रावरच काम करतो, बुजवलं की दाब सरकत जातो. बॅरलमधून गळत असेल तर व्हॉल्व्हची सीट. छर्रा नसलेल्या, कॉक न केलेल्या रायफलच्या तोंडावर पातळ प्लास्टिकचा तुकडा रबरबँडने ताणून बसवायचा, काही वेळाने तो फुगला की उत्तर मिळालं. बॅरलच्या तोंडाशी कान किंवा डोळा नेऊन तपासायचं नाही.

सिलिंडर टिकून आहे पण वेग वेडावाकडा येतो, अशा वेळी ब्रीचच्या ओ-रिंगवर संशय घ्यायचा. टिश्यू पेपरची अरुंद पट्टी बॅरल आणि ब्रीचच्या सांध्यावर ठेवून शॉट घ्यायचा. पट्टी फडफडली किंवा उडाली तर हवा तिथून निसटते. रिंग अगदी स्वस्त आणि बदलायला पाच मिनिटांची, तरी सर्वांत शेवटी तिचाच विचार केला जातो.

शेवटच्या तपासण्या

हॅमर स्प्रिंगला हात लागला म्हणजे सिअरवरचा भारही बदलला. छर्रा न भरता, सुरक्षित दिशेला रोखून रायफल कॉक करायची, सेफ्टी लावून ट्रिगर दाबायचा, मग सेफ्टी काढून कुंद्याला तळहाताने बाजूंनी थोपटायचं. हॅमर सुटला तर ती रायफल दुरुस्त होईपर्यंत वापरायची नाही.

त्यानंतर पूर्ण सिलिंडरची अखेरची मोजणी. सपाट भागातल्या सगळ्या शॉटचा पसारा ३ मी/से च्या आत आणि प्रमाण विचलन १ मी/से च्या आसपास आलं तर काम झालं. ३-४ शॉटवरून हे ठरवू नये, निदान २० हवेत. मर्यादेची तपासणी जड छर्र्याने पुन्हा एकदा करायची. स्क्रूवर रंगाची नवी रेघ ओढून वहीत दाब, फेऱ्या, छर्र्याची बॅच, तापमान आणि किती शॉटनंतर सिलिंडर भरायचा तो आकडा लिहायचा. सपाट भाग ७५ शॉटचा असेल तर ७० ला भरायचं. मग क्रोनोग्राफ बाजूला ठेवून टार्गेटवर ५ शॉटचे ४ ग्रुप घ्यायचे. वेग सपाट असूनही ग्रुप उभट न होता सगळीकडे विखुरलेला असेल तर हवेचा भाग ठीक आहे, छर्र्याच्या डोक्याचं माप किंवा बॅरल पाहायला हवं. ४.५ मिमी छर्रे ४.४९ ते ४.५२ मिमी डोक्याच्या मापांत मिळतात, आणि एकाच बॅरलला त्यातलं एखादंच नीट मानवतं.